मालवण हे नाव मिठावरून की माडांवरून?

खाजणकाठ

मे महिन्यात मुंबईच्या पाहुण्यांना घेऊन सिंधुदुर्ग किल्ल्यावर गेलो होतो. होडीत बसल्या बसल्या बरोबरच्या माणसाने सांगायला सुरुवात केली, की इथे पूर्वी मीठ फार पिकायचं, म्हणून महालवण आणि त्याचं झालं मालवण. पाहुण्यांनी माना डोलावल्या. दुपारी जिथे जेवायला बसलो तिथे भिंतीवर मोठ्या अक्षरात लिहिलेलं होतं, माडांचं बन ते माडबन आणि माडबनाचं मालवण. पाहुण्यांची मुलगी सातवीत आहे, तिने विचारलं काका नक्की कुठलं खरं, आणि मी जन्माने मालवणचा असून मला उत्तर देता आलं नाही. तेव्हापासून ते डोक्यातून जात नाहीये म्हणून इथे लिहितोय.

माझं मत आधीच सांगतो, मी मिठाच्या बाजूचा. एका बाजूला कोळंबची खाडी, दुसऱ्या बाजूला कर्ली नदी, आणि अधेमधे सगळी खाजणं, म्हणजे भरतीचं पाणी शिरणारी खारट सखल जमीन. एप्रिलमध्ये खाजणातला चिखल सुकला की त्यावर पांढरा थर धरतो, लहानपणी आम्ही तो बोटाला लावून चाटून बघायचो. आणि बंदर म्हणजे मासे, आणि बर्फ नव्हता त्या काळात मासे टिकवायचे म्हणजे मीठच. पावसात समुद्र बंद, मग घरात काय तर खारवलेला बांगडा, जे काही खायचं ते मिठाने राखलेलं. अशा गावाला मिठाचं नाव पडलं तर त्यात नवल काय. माड सुंदर दिसतो, फोटोत छान येतो, म्हणून आजकाल हॉटेलवाल्यांना माडबन आवडतं असं मला वाटतं. पण मिठामागे उन्हात उभं राहिलेल्या माणसांचे पाय आहेत, ते नाव असं सहज पुसून टाकू नये.

तुम्हाला काय वाटतं? विशेषतः मालवण तालुक्यातल्या लोकांनी लिहा.

माडाच्या_सावलीत

खाजणकाठ, भावना पोचली पण मी पूर्ण विरोधात आहे.

बंदराला नाव कोण देतं याचा विचार करा. बंदर पहिल्यांदा दिसतं ते समुद्रावरून, गलबतातून येणाऱ्याला. त्याला खाजण दिसत नाही, खाजण मागे आत असतं. त्याला दिसतात ते माड. माझे आजोबा मुंबईहून बोटीने यायचे, बोट बाहेर खोल पाण्यात उभी राहायची आणि पडावातून माणसं किनाऱ्याला आणायचे, ते सांगायचे की गाव असं दिसायचंच नाही, नुसते माड आणि त्यातून वर येणारा चुलीचा धूर. ज्याला दिसलं त्याने म्हटलं, हे माडांचं बन. इतकं साधं आहे हे.

आणि माड काय कालपरवाचा नाही आपल्या किनाऱ्यावर. नाशिकच्या लेण्यात नहपान या क्षत्रप राजाचा जावई उषवदात याचा शिलालेख आहे, इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातला, त्यात नानंगोल गावातल्या ३२,००० माडांचं दान दिल्याची नोंद आहे. बत्तीस हजार! म्हणजे कोकण किनाऱ्यावर नारळाच्या बागा मोजून दान देण्याइतक्या वाढलेल्या होत्या तेव्हाच. उलट मला सांगा, आज मालवण शहरात मिठागर कुठे आहे? मिठागरं म्हटली की सगळे शिरोड्याचं नाव घेतात, १९३० चा मिठाचा सत्याग्रह तिथे झाला, मालवणात नाही. शिरोडा वेंगुर्ल्याच्याही पलीकडे. मग महालवण म्हणायचं तर शिरोड्याला म्हणा ना.

बाजारपेठ_७२

दोन्ही नाही. व्यापारी माल इथे उतरायचा म्हणून मालवण. आमच्या शाळेत असंच सांगितलेलं.

खाजणकाठ

बाजारपेठ, हे मीही ऐकलंय पण ते टिकत नाही. माल हा सामानाच्या अर्थाचा शब्द अरबीतून फारसीमार्गे आपल्याकडे आला, त्याला वण कसा चिकटला? आणि माल तर प्रत्येकच बंदरात उतरायचा, वेंगुर्ल्यात, देवगडात, विजयदुर्गात, मग एकट्या मालवणलाच का ते नाव?

माडाच्या सावलीत, आज मिठागर नाही म्हणून कधीच नव्हतं असं होत नाही हो. इंग्रजांनी मिठावर कर बसवला, १८८२ चा कायदा आणला, परवान्याशिवाय मीठ करणं गुन्हा झाला. घरच्या घरी खाजणाच्या कडेला मूठभर मीठ करणाऱ्यांची सवय अशा कायद्याने मोडते आणि दोन पिढ्यांत आठवणही जाते.

राजापूरकर_मी

माझं गाव राजापूर तालुक्यात. माडबनवाल्यांना एक प्रश्न आहे. आमच्या तालुक्यात समुद्राला लागून माडबन नावाचं गाव खरंच आहे, जैतापूरच्या अणुऊर्जा प्रकल्पामुळे ते नाव सगळ्या देशाने ऐकलं. ते गाव आजही माडबनच आहे. तिथल्या लोकांच्या तोंडात त्याचं मालवण झालं नाही, माडवण नाही, माळबन पण नाही. किनारा तोच, बोली जवळपास तीच, माडही तेच. मग एक माडबन जसंच्या तसं राहिलं आणि दुसऱ्याचे ड आणि ब दोन्ही बदलून मालवण झालं, हे कसं काय?

माडाच्या_सावलीत

एकाच शब्दाचे दोन ठिकाणी दोन रस्ते होतात की. मालवण मोठं बंदर, तिथे दहा भाषांचे लोक येणार जाणार, गुजराती, अरब, पोर्तुगीज, त्यांच्या तोंडात नाव झिजणार. माडबन लहान गाव, बाहेरचं कोणी हाक मारणारच नाही तर झिजेल कशाला? ड चा ल होतो, ब चा व होतो, हे भाषेत चालू असतं.

शब्दवेडी

मी कोकणातली नाही, पुण्यात मराठी शिकवते, पण ड चा ल होतो या वाक्यावर थांबले म्हणून लिहिते.

मराठीत ड चा ळ होतो, ल नाही. तडाग वरून तळं, दाडिम वरून डाळिंब, षोडश वरून सोळा. म्हणजे माडवन झिजलं असतं तर माळवण मिळायला हवं होतं. तुम्ही कोणी गावाला माळवण म्हणता का? नाही, स्पष्ट मालवण म्हणता. दोन स्वरांच्या मधला एकटा ल सुद्धा मराठीत बहुधा ळ होतो, फल चं फळ, मूल चं मूळ, वेला चं वेळ. तुमच्याकडे चिवला वेळा म्हणतात ना किनाऱ्याला, त्यातला वेळा हाच, वेला म्हणजे किनारा. तेव्हा मालवण मधला ल हा ल च राहिला याला काहीतरी कारण पाहिजे. महा + लवण मध्ये ल हा दुसऱ्या शब्दाच्या सुरुवातीला येतो, शब्दाच्या सुरुवातीचा ल बदलत नाही, महालक्ष्मी मध्ये तो तसाच असतो. इथवर मिठाची बाजू बरी दिसते.

पण खाजणकाठ, तुमच्यापुढेही अडचण आहे. लवण हा शब्द लोकांच्या तोंडी राहिला की त्याचं लोण होतं. लोणचं त्यातूनच आलं, मीठ आणि कोळसा करणारे ते लोणारी. म्हणजे महालवण खरोखर शेकडो वर्षं बोलता बोलता झिजलं असतं तर मालोण झालं असतं. ते अख्खं लवण तसंच कसं राहिलं? शेवटचा ण मात्र दोघांनाही चालतो, पानीय चं पाणी तसं वन चं वण होतं, त्यात काही अडत नाही.

दर्यावर्दी

पुण्यात बसून आमच्या गावाचं नाव कसं असायला हवं होतं ते सांगू नका प्लीज. लोकं नियम वाचून बोलत नाहीत. आमच्या आजीला विचारलं की म्हणायची मिठाचा गाव, बस, विषय संपला. चार पिढ्या गाबीत या मच्छीमार समाजात रापणीवर, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या मोठ्या जाळ्यावर, गेल्या आमच्या, आम्हाला माहीत नसणार तर कोणाला?

शब्दवेडी

दर्यावर्दी, तुमच्या आजीचं बोलणं माझ्यासाठी पुरावाच आहे, ते मी हलकं समजत नाही. आजीच्या काळात गाव नावाकडे कसं बघत होतं ते त्यातून कळतं. पण नाव पडलं तेव्हा काय घडलं ते आजीलाही तिच्या आजीनेच सांगितलेलं असणार. आणि लोक नियम वाचून बोलत नाहीत हे अगदी खरं, म्हणूनच तर हे बदल सगळ्यांच्या तोंडात सारखे होतात, कोणी ठरवून करत नाही.

एक आठवण करून देते. कुरटे बेटावर १६६४ मध्ये किल्ल्याचं काम सुरू झालं, आधी किनाऱ्यावर मोरयाच्या धोंड्यापाशी पूजा झाली, आणि किल्ल्याला नाव दिलं सिंधुदुर्ग. शेजारी पद्मगड. ही विचार करून दिलेली संस्कृत नावं आहेत. पुढे १७६५ ला इंग्रजांनी किल्ला घेतला आणि त्याला फोर्ट ऑगस्टस म्हणायला लागले, ते कोणाच्या तोंडात राहिलं? नाव दिलं की राहतंच असं नाही, पण ज्या गावात संस्कृत नावांची अशी सवय होती तिथे कोणीतरी शिकलेल्या माणसाने आधीच असलेल्या मालवण या नावाची फोड करून त्यात महालवण बघितलं असणं मला जास्त शक्य वाटतं.

मसुरे_पंचक्रोशी

एवढा वेळ वाचतोय, पण सगळे शहराभोवतीच फिरताय म्हणून लिहावं लागलं. जरा तालुक्यातली गावं बघा ना. आमच्या मालवण तालुक्यात मालडी आहे. मालोंड आहे. आणि मालवण आहे. तीन नावं, तिन्हींच्या सुरुवातीला माल. एका तालुक्यात! मालडीत काय महालवण आहे का? मालोंडमध्ये माडबन बसवून दाखवा बरं.

आता मागची बाजू बघा. वण. आमच्याच तालुक्यात गोळवण आहे. वर कणकवलीत कसवण आहे. समुद्रापासून आत, डोंगराकडची गावं, तिथे मिठाचा संबंध येतोच कुठे. मग गोळवण म्हणजे गोळ आणि वण, कसवण म्हणजे कस आणि वण, आणि फक्त मालवण आलं की त्याचे तुकडे मा आणि लवण? हे मला कधी पटलं नाही. सरळ माल आणि वण असंच तोडायला पाहिजे. माल म्हणजे काय त्यावर भांडा हवं तर, पण आधी तोडायची जागा तरी बरोबर धरा.

आमच्याकडे झाडाझुडपांवरून गावाची नावं पडतात हेही खरं आहे, वडाचापाट घ्या, चाफेखोल, पळसंब, आंबेरी. म्हणजे वण म्हणजे रान असायला हरकत काहीच नाही. पण ते माडांचंच रान होतं असं माल मधून निघत नाही.

माडाच्या_सावलीत

मसुरे, वण म्हणजे रान हे तुम्ही मान्य केलंत म्हणजे अर्धं माझंच झालं. किनाऱ्यावर माडाशिवाय दुसरं कसलं रान असणार?

देवबागची_लेक

इथे मला बोलायचंच आहे. मी देवबागची, एका बाजूला समुद्र एका बाजूला कर्ली अशा चिंचोळ्या पट्टीवर वाढले, घराच्या चारी बाजूंनी माड. आणि आमच्यात कोणीही, अगदी कोणीही माडांच्या जागेला बन म्हणत नाही. बाग म्हणतात. नाहीतर भाट. आजी सकाळी विचारायची, "नारळ पाडूक बागेत कोण गेलो?" गावाचं नाव बघा ना, देवबाग, देवबन नाही. बन म्हणजे आपोआप वाढलेलं, जसं केतकीचं बन. माड आपोआप वाढत नाही. कवाथा, म्हणजे माडाचं रोप, लावल्यापासून त्याला उन्हाळाभर पाणी घालावं लागतं, आळं करावं लागतं, खत घालावं लागतं, मीठही घालतात मुळात, मग कुठे पाच-सात वर्षांनी नारळ धरतो. त्याला बन म्हटलं तर माझ्या आजीला राग आला असता, कारण बाग म्हणजे कोणीतरी मेहनत केलेली. खाजणकाठ म्हणतात मिठामागे माणसांचे पाय आहेत, तर माडामागेही आहेत दादा, हात, पाठ, सगळंच. माडाला नुसतं फोटोतलं झाड म्हणू नका.

खाजणकाठ

देवबागच्या ताई, ते मी चुकीचं लिहिलं. माडाला कमी लेखायचं नव्हतं, पण वाक्य तसंच झालं, मागे घेतो.

आणि मसुरेकरांनी मला खरंच अडचणीत टाकलंय. मालडी आणि मालोंड दोन्ही नावं मला माहीत आहेत, एसटीच्या पाटीवर शंभर वेळा वाचलीयत, आणि कधी तिघांना शेजारी ठेवून बघितलंच नाही. गोळवणचंही तसंच. पण मीठ असं एकदम सोडवत नाही. देवबागच्या ताईंच्याच म्हणण्याने बन गेलं, शब्दवेडींच्या म्हणण्याने ड गेला, म्हणजे माडबन तर दोन्हीकडून पडलं. माझं एकाच बाजूने पडतंय.

उरणचा_आगरी

मी मालवणचा नाही, उरणकडचा. धागा मिठाचा दिसला म्हणून आलो.

आमच्या घरात तीन पिढ्या मिठागरावर होत्या. भरतीचं पाणी आत घ्यायचं, एका वाफ्यातून दुसऱ्यात फिरवत फिरवत उन्हाने दाट करायचं, मग शेवटच्या वाफ्यात मीठ धरलं की लाकडी फळीने ओढून ढीग घालायचे. पाऊस गेल्यावर आगर नीट करायचं, बांध घालायचे, आणि मीठ खरं पिकतं ते कडक उन्हाच्या महिन्यांत. बाबांच्या तळपायाला चिरा होत्या आणि त्यात मीठ जायचं, घरी आल्यावर आई आधी गोड्या पाण्याने त्यांचे पाय धुवायची, मग बाकीचं बोलणं. खाजणकाठ यांनी पाय हा शब्द लिहिला म्हणून हे सांगितलं. वाचून बरं वाटलं.

पण महालवण मला पटत नाही, आणि ते मिठावर वाढलो म्हणूनच पटत नाही. आमच्यात कोणाच्याही तोंडी लवण हा शब्द नव्हता. मीठ, खार, आगर. मीठ करणारा माणूस त्याला मीठ म्हणतो. लवण म्हणणारा पंचांगवाला किंवा वैद्य. तुमच्याच जिल्ह्यात बघा, देवगडकडे मिठबाव आहे, मिठमुंबरी आहे, कणकवलीत खारेपाटण आहे, ते तर जुनं बंदर, खाडीच्या आत. म्हणजे तुमच्याकडचे लोकही मिठाच्या गावाला मीठ नाहीतर खार अशीच नावं देत होते. मग एकट्या मालवणलाच लवण कुठून आलं? मिठावरून नाव पडलं असतं तर ते मिठवण झालं असतं, खारवण झालं असतं.

अजून एक गोष्ट, आगर हा शब्द आमच्याकडे मिठागरासाठी, आणि खाली रत्नागिरीकडे गेलं की आगर म्हणजे नारळी-पोफळीची बाग. एकच शब्द. माझ्या बायकोचं माहेर गुहागरकडचं, लग्नानंतर पहिल्यांदा मी आगरात जाऊन येतो म्हटलं तर तिला वाटलं नारळ आणायला चाललो.

राजापूरकर_मी

हे आगरचं मस्तच. आमच्याकडेही आगर म्हणजे बागच.

दर्यावर्दी

उरणच्या भावा, तुझं म्हणणं ऐकून घेतलं, कामातून बोलतोयस. तरी मी आजीचं सोडणार नाही. आजी लवण म्हणायची नाही हे मात्र खरं, ती मिठाचा गाव म्हणायची. महालवण हा शब्द मी पहिल्यांदा शाळेतच ऐकला, हे आत्ता लिहिताना लक्षात आलं.

शब्दवेडी

दर्यावर्दी, हे तुम्ही लिहिलंत ते फार महत्त्वाचं आहे. गावाला मिठाची आठवण आहे आणि शाळेने त्याला महालवण हा शब्द दिला, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मिठाची आठवण खरी असू शकते आणि तरीही नाव मिठावरून नसू शकतं.

मसुरेकरांच्या माल बद्दल, जोडाक्षरातून आलेला ल मराठीत ल च राहतो, मूल्य चं मोल, पल्लव मधून पालवी. तेव्हा माल च्या मागे मल्ल सारखं काही असेल तर ळ न होण्याचं कोडं सुटतं. मालडी आणि मालोंड मधला ल सुद्धा ल च आहे ना उच्चारात? गावातली म्हातारी माणसं काय म्हणतात?

मसुरे_पंचक्रोशी

ल च आहे. मालडी, माळडी कोणी म्हणत नाही. मालोंड पण तसंच.

माडाच्या_सावलीत

मी अजून माडच म्हणणार. तुमचे नियम बरोबर असतील, मिठबाव खारेपाटण बरोबर असेल, पण कोळंबच्या पुलावरून गावाकडे बघितलं की मला दुसरं काही सुचत नाही. बन नसेल तर रान म्हणा. देवबागच्या ताई, बाग म्हणजे मेहनत हे पटलं, पण लावलेली बाग सुद्धा समुद्रावरून येणाऱ्या परक्या माणसाला रानच दिसणार, त्याला आळी थोडीच दिसतात लांबून.

देवबागची_लेक

हे मात्र मी आईला विचारते. तिचं लग्न झालं तेव्हा ती बोटीने आलीय, लांबून काय दिसलं ते तिलाच माहीत.

खाजणकाठ

ताई, नक्की विचारा आणि इथे लिहा.

माझ्यापुरतं सांगायचं तर महालवण मी आता पाहुण्यांना सांगणार नाही. मीठ सोडलं असं नाही, पण मालडी आणि मालोंड बघितल्याशिवाय पुढे बोलायचं नाही असं ठरवलंय. गणपतीला गावी येतोय, पाच दिवस आहे, मसुरेकर, तुम्ही तिकडे असाल तर दोन्ही गावं मला फिरून दाखवाल का? जमीन उंच माळाची आहे की सखल, खाडीचं पाणी कुठवर येतं, जुन्या शेतांना लोक काय नावाने हाक मारतात, एवढंच बघायचंय. त्या सातवीतल्या मुलीला फोन करून सांगायचं आहे, तिने परत विचारलंय.

मसुरे_पंचक्रोशी

या. तिसऱ्या दिवशी या, पहिले दोन दिवस घरात भजनाची गर्दी असते. सकाळी लवकर निघा मालवणातून, आणि शेतांची नावं विचारायची असतील तर तलाठ्याकडे नको, आमच्या काकांना विचारू, ८४ वर्षांचे आहेत, एकेक कुणगा नावाने सांगतात.